हायड्रोजन आधी खताच्या गोणीत येऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत हायड्रोजनवर अर्धं पान आलं होतं, वर मोठ्या अक्षरात "आता पाण्यावर धावणार गाड्या". तो पेपर आमच्या दुकानात चार दिवस फिरला. माझं जालन्यात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे, गेट, शेड, ट्रॉलीची कामं करतो, तीस वर्षं झाली. तर जो येईल तो तेच विचारायला लागला, मिस्त्री खरंच का हो पाण्यावर गाडी चालणार, मग आता डिझेल गाडी घ्यावी का थांबावं. एकाने तर बुकिंग कॅन्सल करायचं मनात आणलं होतं. म्हणून हे पत्र. मी काही शास्त्रज्ञ नाही, आयटीआय केलेला माणूस आहे, पण गॅसच्या बाटल्यांमध्ये जन्म गेलाय आणि हायड्रोजनने मला एकदा चांगलाच हिसका दाखवलाय, तेवढ्या अधिकारात लिहितो.

तो किस्सा आधी सांगतो. २००९ चा उन्हाळा. एका गिऱ्हाइकाची ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावली होती, मागच्या पत्र्याच्या खोलीत, दार लोटलेलं, बॅटरीची बुचं घट्ट. दुपारी मी गेलो आणि चार्जर बंद न करताच चिमटा ओढला. एवढीशी ठिणगी उडाली आणि बॅटरी फुटली. सुतळी बॉम्बसारखा आवाज, वरचं झाकण पत्र्याला जाऊन लागलं, ॲसिड शर्टावर. नशीब चष्मा घातलेला होता. बायकोने हौदातलं पाणी ओतलं, वर खायचा सोडा लावला, शर्टाची दुसऱ्या दिवशी चाळण झालेली. तेव्हा मला कळलं की बॅटरी चार्ज होताना आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि खोलीत कोंडला तर तो वाटच बघत असतो. आणि तो किती असेल साहेब, तोळा-मासा सुद्धा नसेल.

आता ह्याचा अर्थ हायड्रोजन वाईट असा मी काढत नाही. उलट मी रोज जो ॲसिटिलीन वापरतो तो ह्या बाबतीत हायड्रोजनपेक्षा बरा नाही, हवेत अडीच टक्के मिसळला तरी पेटतो, हायड्रोजनला चार टक्के लागतात. आणि हायड्रोजन इतका हलका की वर मोकळं असलं तर क्षणात निघून जातो. घरातला एलपीजी खाली फरशीवर साचतो, तो जास्त घात करतो. माझी चूक ही होती की खोली कोंदट होती आणि ठिणगी पाडली. म्हणजे हाताळायची अक्कल लागते, एवढंच. पण ती अक्कल दर पंधरा किलोमीटरवरच्या पंपावर, दर मोंढ्यात, दर धाब्यापुढं असेल का, हा प्रश्न आहे. ज्योतसुद्धा उजेडात दिसत नाही त्याची, वासही नाही.

दुसरी गोष्ट बाटल्याची. माझ्याकडं जो ऑक्सिजनचा मोठा बाटला येतो, सात क्युबिक मीटरवाला, तो रिकामा सुद्धा पन्नास-साठ किलोचा असतो, दोघं लागतात उतरवायला, नाहीतर बुडावर फिरवत फिरवत न्यायचा. त्याच बाटल्यात त्याच प्रेशरने हायड्रोजन भरला तर आत किती मावेल? जेमतेम अर्धा किलो, थोडा वर. हायड्रोजनच्या एका किलोत साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, पेट्रोलच्या लिटरमध्ये ९ च्या आसपास. म्हणजे साठ किलोचं लोखंड उचलून आणलं आणि आत दोन लिटर पेट्रोलएवढी ताकद. दोन लिटर पेट्रोल तर पोरं बिसलेरीच्या बाटलीत आणतात! म्हणून गाडीत भरायचा तर ७०० बार प्रेशर लागतं, माझ्या बाटल्याच्या साडेचार-पाचपट, आणि टाकी लोखंडाची चालत नाही, कार्बन फायबरची करावी लागते. गडकरी साहेब मार्च २०२२ मध्ये ज्या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले ती टोयोटाची मिराई, तिच्यात अशाच टाक्या आहेत, साडेपाच किलोच्या वर हायड्रोजन बसतो आणि सहाशे-साडेसहाशे किलोमीटर जाते म्हणतात. गाडी चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भरायची कुठं? अमेरिकेत कॅलिफोर्नियात सगळं असून शेल कंपनीने २०२४ मध्ये आपले गाड्यांचे हायड्रोजन पंप बंद करून टाकले. तिथं ही गत, आपल्याकडं अंबड चौफुलीवर कोण टाकणार पंप.

लोखंडावरून आठवलं. वेल्डिंगवाल्याला हायड्रोजन वेगळ्याच रूपात माहीत असतो. आमच्याकडं ७०१८ नंबरचा रॉड असतो, लो हायड्रोजन म्हणतात, जाड प्लेटच्या आणि जोखमीच्या कामाला. तो वापरायच्या आधी ओव्हनमध्ये भाजून घ्यायचा असतो. नवीन पोरं कंटाळा करतात, पावसाळ्यात दमट रॉड तसाच चालवतात, वेल्ड दिसायला एकदम झकास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर शेजारून केसाएवढी चीर. कारण रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन गरम लोखंडात शिरून बसतो आणि गार झाल्यावर आतून तोडतो. जो वायू पोलादात घुसतो तो जुन्या पाइपलाइनीतून न्यायचा म्हणजे नुसती तोटी बदलून होत नाही, पाइप, वेल्ड, व्हॉल्व्ह, कंप्रेसर सगळं तपासून घ्यावं लागतं. गुजरातमध्ये कवासला एनटीपीसीच्या कॉलनीत २०२३ पासून घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून देतात, ८ टक्क्यांपर्यंत. ऐकायला भारी वाटतं, पण हायड्रोजनच्या एका घनफुटात गॅसच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच ऊर्जा, म्हणजे ८ टक्के मिसळून गॅस वाचला जेमतेम अडीच टक्के. प्रयोग म्हणून ठीक.

आणि आता मूळ मुद्दा जो त्या लेखात कुठंच नव्हता. हायड्रोजन हे काही विहिरीतलं पाणी नाही की खणलं आणि लागलं. तो टँकर आहे. टँकरमध्ये पाणी आधी कुठून तरी भरून आणावं लागतं, मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आज जगात वर्षाला दहा कोटी टनांच्या जवळ हायड्रोजन बनतो, तो जवळपास सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशातून, आणि गॅसमधून एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. त्याला ग्रे म्हणतात. सौर किंवा पवनचक्कीच्या विजेवर पाणी फोडून केला तर ग्रीन, आणि तो अजून शेकड्यात एक सुद्धा नाही. रंग फक्त नावात, वायूला कसलाच रंग नाही, पण बिलात फरक कळतो. ग्रे किलोला दीड-दोनशेच्या घरात पडतो, ग्रीनचे टेंडर रिफायनऱ्यांनी काढले तर तीनशे ते चारशे रुपये असे भाव आले.

एवढा महाग का, तर वीज. एक किलोला पन्नास ते पंचावन्न युनिट लागतात. आणि परत त्याची वीज केली तर फ्युएल सेलमधून सोळा-सतरा युनिटच हातात येतात, त्यात दाबून भरायची वीज वेगळी. सौर पॅनलचे १०० युनिट घेतले आणि बॅटरीत भरून गाडी चालवली तर चाकापर्यंत पंचाहत्तर-ऐंशी पोचतात, तेच हायड्रोजनच्या वाटेने गेले तर पंचवीस-तीस. बाकीचे वाटेत गरम होऊन उडाले. आमच्या गल्लीत एकजण ई-रिक्षा चालवतो, चौथी पास आहे, त्याला मी हा हिशोब सांगितला तर म्हणाला, मिस्त्री, मग हे येडेपण कामून करायचं? मला उत्तर सुचलं नाही. ट्रकचं मी थोडं वेगळं समजतो, लांब पल्ल्याला बॅटरीचं वजन होतं, टाटा मोटर्सने मार्च २०२५ पासून हायड्रोजनचे ट्रक ट्रायलला उतरवलेत, मुंबई-पुणे बाजूलाही, त्यांचा अनुभव येईल तेव्हा बघू. पुण्यात एनसीएल ही सरकारी प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनीने २०२२ मध्ये फ्युएल सेलची बससुद्धा दाखवली होती, आपल्या लोकांनी केलेली, अभिमानच आहे. रेल्वेचंही तसंच, हरियाणात जिंद-सोनीपत ८९ किलोमीटरला हायड्रोजनची गाडी हा चाचणीचा मार्ग ठरला. पण जिथं वर वायर आहे तिथं त्याचं काय काम? आमच्या मनमाड-नांदेड लाइनीला आत्ता कुठं वायर आली, दुहेरीकरणाची तर अजून वाटच बघतोय, इथं कुणी हायड्रोजन ट्रेनचं स्वप्न दाखवू नये म्हणजे झालं. जर्मनीत २०२२ मध्ये मोठ्या थाटात चौदा हायड्रोजन गाड्या सुरू केल्या आणि त्याच राज्याने नंतर ठरवलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या घेऊ, चालवायला स्वस्त पडतात.

बरं आता पाणी. हायड्रोजन म्हटलं की आपल्या भागात पहिला आक्षेप हाच येतो, आणि येणारच. ज्यांनी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येताना बघितलंय, ज्यांनी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं थर्मल बंद पडलेलं बघितलंय, त्यांना पाणी फोडून इंधन करायचं म्हटलं तर राग येतो. मलाही आला होता. आमच्या जालन्याला पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं आणि नळाला किती दिवसांनी येतं ते लिहीत नाही, घरातल्या बाया-माणसांना विचारा. म्हणून मी एका संध्याकाळी दुकान बंद करून पाटीवर हिशोब मांडला, आणि खरं सांगतो, हिशोबाने मला खोटं पाडलं.

एक किलो हायड्रोजनला नुसतं फोडायला नऊ लिटर पाणी, आणि शुद्ध करताना वाया जाणारं, थंड करायला लागणारं धरून वीस-पंचवीस लिटर. पंचवीसच धरा. महाराष्ट्र सरकारचं २०२३ चं जे ग्रीन हायड्रोजन धोरण आहे, ८,५६२ कोटींचं, त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५ लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. तेवढ्या सगळ्याला पाणी लागेल १,२५० कोटी लिटर. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण टीएमसीत मोजा, अर्धा टीएमसी सुद्धा होत नाही. जायकवाडीचा जिवंत साठाच ७६ टीएमसीच्या आसपास आहे. आणि उसाचं बघा, पाटाने पाणी दिलेला एक एकर ऊस ८० लाख ते १ कोटी लिटर पितो, तेवढ्या पाण्यात तीनशे टनांच्या वर हायड्रोजन होतो. एक एकर उसात! आता ऊसवाले माझ्यावर चिडतील, चिडू द्या, माझे सख्खे मामा ऊसवालेच आहेत, दिवाळीला त्यांच्याकडं गेलो की हाच वाद.

तरी एक मेख आहे. उसाला पाणी नसलं तर ऊस वाळतो आणि शेतकरी रडतो, पण कारखान्याला पाणी नसलं तर त्यांचा करार पुढं येतो. एकदा धरणातलं आरक्षण कागदावर गेलं की मे महिन्यात गावाला टँकर आणि कंपनीला पाइप असं होतं. आणि पाणी लागतं ते एकदम शुद्ध, आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी आधी आरओतून काढायचं, मग उरलेलं खारट पाणी कुणाच्या नाल्यात सोडणार? ह्याच्यावर उपाय आहे, संभाजीनगर आणि जालन्याचं सांडपाणी प्रक्रिया करून तेच वापरा, धरणाला हात लावू नका. हे परवान्यातच लिहून घ्या, नंतर नाही.

पाण्यापेक्षा मला वीज आणि जमिनीची काळजी जास्त वाटते. ५ लाख टनांना लागणारी वीज २,७५० कोटी युनिट होते. एक मेगावॉट सोलर वर्षाला साधारण १५ लाख युनिट देतं आणि चार एकर खातं, म्हणजे अठरा हजार मेगावॉट आणि सत्तर हजार एकरांच्या वर जमीन. कुठली? माळरान असेल ते आपलंच असेल, बीड-धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या आल्या तेव्हा जमिनीचे व्यवहार कसे झाले हे तिथल्या लोकांना विचारा. भाडेपट्टा करा, शेतकऱ्याला दरवर्षी पैसे द्या, दर काही वर्षांनी वाढ द्या, एकदाच चेक देऊन मोकळे होऊ नका. आणि दुसरं असं की नुसत्या उन्हावर मशीन चालवलं तर दिवसातून पाच-सहा तास चालतं, बाकी वेळ कोट्यवधीचं इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडायचं मशीन, झाकून ठेवायचं. माझं कटिंग मशीन पाच तास चालून उरलेला वेळ उभं राहिलं तर हप्ता फिटेल का? म्हणून वारा आणि ऊन दोन्ही जोडावं लागतं, तेव्हा भाव उतरतो. त्या बाबतीत आपला मराठवाडा वाईट नाही, ऊन तर देवाने ओतलंय.

मग इतकं सगळं असून मी हायड्रोजनच्या बाजूने कसा, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण मोंढ्यात आहे.

दरवर्षी मृग लागला की डीएपी खतासाठी जी रांग लागते ती तुमच्या पेपरात फोटोसकट येते. माझी पाच एकर कोरडवाहू आहे बदनापूरकडं, कापूस आणि सोयाबीन. ह्या वर्षी मी स्वतः दोन दिवस फिरलो. एका दुकानदाराने सांगितलं डीएपी आहे पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल, दुसऱ्याने सांगितलं सोबत ते पोतं घ्या. लिंकिंग. शेवटी १,३५० ची गोणी मला त्या नको असलेल्या बाटलीसकट दोन हजारांच्या वर पडली, आणि ती बाटली अजून माळ्यावर पडून आहे. आता ह्या गोणीत काय आहे ते बघा. डीएपीत १८ टक्के नत्र, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साधारण ११ किलो अमोनिया लागतो, आणि अमोनिया म्हणजे हवेतला नायट्रोजन अधिक हायड्रोजन, त्यातला हायड्रोजन दोन किलोच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला तर साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. आपण शेतकरी अमोनिया करायच्या शंभर वर्षं जुन्या हेबर-बॉश पद्धतीने हायड्रोजनच शेतात टाकतोय, फक्त तो आखाती गॅसमधून आलेला असतो. युक्रेनमध्ये लढाई पेटली, समुद्रात जहाज अडलं, गॅस महागला की इकडं भोकरदनला खत मिळत नाही. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार वरचे पैसे भरतं म्हणून, आणि ते पैसे गॅसबरोबर बाहेर जातात.

देशात आजच साठ लाख टनांच्या घरात हायड्रोजन लागतो, तो जवळपास सगळा रिफायनऱ्या आणि खत कारखान्यांत. म्हणजे गिऱ्हाईक आधीपासून दारात उभं आहे, त्याला गाडी बदलायची नाही, पंप टाकायचा नाही, कसलं नवीन मशीन शिकायचं नाही, फक्त ग्रेच्या जागी ग्रीन पाइपला जोडायचा. केंद्राचं हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये आलं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्यात मला सगळ्यात कामाची गोष्ट वाटली ती म्हणजे २०२५ मधला ग्रीन अमोनियाचा लिलाव. खत कंपन्यांसाठी सेकीने, म्हणजे केंद्राच्या सोलर कंपनीने, काढला आणि पहिलाच भाव आला ५५ रुपये ७५ पैसे किलो. म्हणजे माझ्या डीएपीच्या गोणीतला अमोनिया सहाशे-सव्वासहाशेचा. बाहेरून येणाऱ्या अमोनियाच्या भावाच्या हा इतका जवळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि हा भाव वर्षानुवर्षं बांधलेला, लढाई झाली तरी तोच. ह्याची बातमी तुमच्याकडं आतल्या पानावर चार ओळीत आली होती साहेब, पाण्यावरच्या गाडीला मात्र अर्धं पान!

युरियाचं जरा अवघड आहे हे खरं, कारण युरियाला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो आज त्याच गॅसमधून फुकटात मिळतो, हायड्रोजन ग्रीन केला की कार्बन वेगळा आणावा लागेल. म्हणून सुरुवात डीएपी आणि मिश्र खतांपासून. अमोनिया विषारी आहे, गळला तर डोळे-फुफ्फुसं जातात, तो गावाजवळ साठवायचा नाही हेही आलंच. पण उणे ३३ डिग्रीला तो पातळ होतो, हायड्रोजनला उणे २५३ लागतात, त्यामुळं टँकरने, जहाजाने नेणं जमतं, जगभर नेतातच.

आणि आमच्या गावाचं लोखंड? जालना म्हणजे सळई, महाराष्ट्रात कुणालाही विचारा. कुणी कुणी म्हणतं हायड्रोजन आला की जालन्याचं स्टील ग्रीन होणार. थांबा जरा. आमच्या फर्नेसमध्ये बरंचसं भंगार वितळतं, ते विजेवर, टनाला साधारण सहाशे युनिट. ती वीज सोलरची केली की झालं काम, हायड्रोजनची गरजच नाही. हायड्रोजन लागतो तो खनिजातून लोखंड काढायला, कोळशाच्या जागी, स्वीडनमध्ये २०२१ मध्ये करून दाखवलंय. त्याला टनाला पन्नास-साठ किलो हायड्रोजन म्हणजे तीन हजार युनिट वीज. ते ओडिशा-छत्तीसगडवाल्यांनी करावं, जिथून आमच्याकडं स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड, येतं. उलट आपल्याच संभाजीनगरात एक खरं उदाहरण आहे ज्याची चर्चा नाही, ऑप्टिकल फायबरसाठी काच बनवणाऱ्या एसटीएलने हायजेन्को कंपनीबरोबर २०२३ मध्ये ग्रीन हायड्रोजन घ्यायचा वीस वर्षांचा करार केला. त्या काचेच्या कामाला हायड्रोजनची शुद्ध ज्योत लागतेच, आधी बाटल्यातून यायची. वाहतूक नाही, पंप नाही, जिथं बनला तिथं जळला. ही जागा हायड्रोजनची.

माझं आमदार-खासदारांना आणि तुमच्यामार्फत उद्योग खात्याला एवढंच म्हणणं आहे की मराठवाड्यात हायड्रोजन आणायचा तर खताच्या बाजूने आणा. परळीला जुने संच बंद झालेत, तिथं जागा आहे, विजेच्या मोठ्या लाइनी आहेत, रेल्वे आहे, काम जाणणारी माणसं आहेत, पाण्याचा धडाही तिथंच मिळालाय. तिथं छोटा का होईना अमोनियाचा प्रकल्प होतो का ते तपासा. आणि जो कोणी कारखाना टाकेल त्याने गेटवर बोर्ड लावावा, रोज पाणी किती घेतलं, कुठून घेतलं, वीज कुठली, स्थानिक पोरं किती कामाला. रात्री कोळशाची वीज घेऊन दिवसा ग्रीन म्हणून विकायचं हे चालायचं नाही. आमच्या आयटीआयमधून अजून साध्या आर्क वेल्डिंगची पोरं बाहेर पडतात, त्यांना टिग वेल्डिंगची, स्टेनलेस पाइपची, गॅस गळती तपासायची कामं शिकवा, नाहीतर प्रकल्प आपल्या जमिनीवर आणि वेल्डर बाहेरचे, हे आपण आधीही बघितलंय.

आणि तुम्हाला एक विनंती. पाण्यावर गाडी हा शब्द परत छापू नका. गाडी पाण्यावर चालत नाही, पाणी हे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे, राख परत पेटत नाही, तिला परत लाकूड करायचं तर जेवढी आच मिळाली त्याच्यापेक्षा जास्त घालावी लागते. असल्या मथळ्यांचा फायदा कोण घेतो ते खाली लिहितो.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक फॅब्रिकेशनवाला, जुना जालना

ता. क. आमचे साडू घनसावंगीकडं असतात, पिकअप चालवतात. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी एक एचएचओ किट बसवून घेतलं, चौदा हजारांना. एक प्लास्टिकचा डबा, आत स्टीलच्या पट्ट्या, पाण्यात कॉस्टिक, अल्टरनेटरवरून वायर आणि एक नळी इंजिनात. डब्यात बुडबुडे येतात ते खरंच हायड्रोजनचे, त्यात फसवणूक नाही. पण अल्टरनेटर फिरवतं कोण, इंजिनच, म्हणजे डिझेल जाळून वीज, विजेने पाणी फोडायचं आणि परत त्याच इंजिनात जाळायचं, प्रत्येक पायरीला कट. साडूंनी मला पहिल्या महिन्यात छातीठोक सांगितलं, दाजी, ॲव्हरेज दोनने वाढलं. मी विचारलं गाडी किती स्पीडने चालवता, तर म्हणे किट बसवल्यापासून पन्नासच्या वर नेत नाही, किटवाल्याने सांगितलंय. पन्नासने चालवलं तर किटशिवायही दोनने वाढतं! सहा महिन्यांनी अल्टरनेटर गेला, किटवाल्याचा फोन लागेना. तो डबा मी काढून घेतला, धुतला, आता दुकानात वेल्डिंगच्या काचा ठेवायला वापरतो. झाकण मात्र अजून चांगलं घट्ट बसतं.